पंचवीस दगावली, एकशे पंचावन्न वासरं झाली: एका रँचचा पत्रव्यवहार, १८८४ ते १८८७

१७ जून १८८४ रोजी अमेरिकेच्या डाकोटा मुलखातून एका पंचविशीतल्या तरुणानं न्यूयॉर्कला थोरल्या बहिणीला पत्र लिहिलं. त्यातला हिशेब असा: गेल्या हिवाळ्यात लांडगे, थंडी वगैरेंमुळे सुमारे २५ जनावरं दगावली. उरलेली उत्तम आहेत. वासरं १५५ च्या आसपास झाली. आता आणखी हजार गुरं घालतो आणि हाच कायमचा धंदा धरतो. पुढे सीवल आणि डाऊ या मेन राज्यातल्या जुन्या ओळखीच्या दोघांना इकडे आणतो, सुरुवातीला थोडी गुरं देऊन वेगळ्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या ठिकाणावर, बसवतो.

पत्र लिहिणारा थिओडोर रूझवेल्ट. पुढे १९०१ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. या प्रकरणात त्या पदाचं महत्त्व इतकंच, की त्यामुळे त्याचा कागदन् कागद जपला गेला. त्याच लिटल मिसूरी नदीच्या काठी, त्याच गवतावर गुरं चारणाऱ्या इतरांच्या कागदांना हे भाग्य क्वचितच लाभलं. म्हणून रँचचा धंदा पत्रांतून कसा दिसतो हे बघायचं, तर मला हेच प्रकरण घ्यावंसं वाटतं. इथे धंद्याची पत्रं आहेत, घरची पत्रं आहेत, आणि दोन्ही बऱ्याचदा एकाच कागदावर आहेत.

जूनच्या त्या पत्राआधी चारच महिने, १४ फेब्रुवारी १८८४ ला, न्यूयॉर्कच्या राहत्या घरी त्याची आई आणि बायको एकाच दिवशी गेल्या. बायको ॲलिस दोन दिवसांची बाळंतीण होती. त्या दिवशीच्या रोजनिशीच्या पानावर एक मोठी फुली आहे आणि खाली एकच वाक्य: माझ्या आयुष्यातला प्रकाश गेला. तान्ही मुलगी त्यानं थोरल्या बहिणीच्या, ॲनाच्या ओटीत घातली. घरात तिला सगळे बॅमी म्हणत. मुलीचं नाव आईचंच, ॲलिस. पण ते नाव त्याच्या तोंडून निघेना. तो तिला ‘बेबी ली’ म्हणायचा. ली हे बायकोचं माहेरचं आडनाव.

तेव्हा १५५ वासरांचा आकडा ज्या बाईला कळवला, तिच्या मांडीवर त्याची चार महिन्यांची मुलगी होती. हे ठाऊक नसेल तर ते पत्र धंद्याचं पत्र वाटतं, आणि ठाऊक झाल्यावर त्याला नुसतं धंद्याचं पत्र म्हणवत नाही.

जुने कागद लावणारी माणसं सोयीसाठी दोन गठ्ठे करतात. करारनामे, पावत्या, विक्रीच्या पट्ट्या एकीकडे. घरची पत्रं दुसरीकडे. बहुतेक वेळा चालून जातं. इथे चालत नाही, कारण या प्रकरणातला खरा प्रश्न दोन्ही गठ्ठे एका टेबलावर मांडल्याशिवाय दिसतच नाही. तो प्रश्न असा: धोका ज्याला दिसला होता, ज्यानं तो स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता, तो माणूस वेळेत बाहेर का पडला नाही?

फुकटचं गवत

आधी धंद्याचं गणित. माळरानावरचे रानगवे काही वर्षांत मारून संपवले होते. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पुरा झाला. जमीन सरकारी, तिला भाडं नाही, कुंपण नाही. गुरं विकत घ्यायची, पुठ्ठ्यावर आपला डाग द्यायचा आणि सोडून द्यायची. वसंतात सगळ्यांनी मिळून गुरं हाकून आणायची, वासरांना डाग द्यायचे. पोसलेले बैल रेल्वेनं शिकागोच्या बाजारात पाठवायचे. वैरण साठवायची नाही. जनावरानं हिवाळ्यातही वाळलं गवत खाऊन आपलं आपण निभावायचं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन खटकेल. कडब्याची गंजी रचल्याशिवाय ज्यांच्या घरी उन्हाळ्याचं नाव काढत नाहीत, १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हजारो जनावरं आणि पेंढीभर वैरण नाही हे कानांना चुकीचं लागतं. पण तिथे काही हिवाळे सौम्य गेले होते. दोन-चार वर्षं जे खपून जातं त्यालाच माणसं नियम समजतात.

भांडवल पूर्वेकडच्या शहरांचं आणि बरंचसं इंग्लंड-स्कॉटलंडचं. पैसा घालणाऱ्यानं कळप डोळ्यांनी बघितलेला नसे. त्याला दिसायचा तो कागद. त्यातून ‘वहीतली गुरं’ हा प्रकार रुजला. विकत घेतली तेवढी, अधिक अंदाजे वासरं, वजा अंदाजे मर, असं वर्षानुवर्षं मांडत जायचं. रानात जाऊन डोकी मोजायची नाहीत. वायोमिंगमधली मोठमोठी खिल्लारं अशीच वहीवरच्या आकड्यानं विकली गेली. एडिंबरोच्या भागधारकांची स्वॉन कंपनी त्यांतली प्रसिद्ध, आणि १८८७ मध्ये ती बुडाली तेव्हा वहीतली गुरं आणि रानातली गुरं यांच्यात किती अंतर होतं तो वाद कोर्टापर्यंत गेला. शायान शहरातल्या ल्यूक मरिन या दारू-गुत्तेवाल्याचं एक वाक्य त्या काळातून उरलं आहे. बाहेर हिमवादळ चाललेलं, रँचवाले तोंड पाडून बसलेले, तेव्हा तो म्हणाला होता: काळजी सोडा, काही झालं तरी वह्या गोठत नाहीत.

रूझवेल्टची मिळकत वडिलांकडून आलेली, सुमारे सव्वा लाख डॉलरची. आईमागे तिच्या वाटणीतूनही काही आलं. सप्टेंबर १८८३ मध्ये तो रानगव्याच्या शिकारीला म्हणून डाकोटात गेला आणि परतण्यापूर्वी सिल्व्हेन फेरिस आणि बिल मेरिफिल्ड या दोघांच्या हाती १४,००० डॉलरचा चेक ठेवून आला: गुरं घ्या, सांभाळा. पुढच्या उन्हाळ्यात आणखी २६,००० घातले. शेवटी आकडा ८०,००० च्या पुढे गेला. वडीलधाऱ्या नातेवाइकांना हे पसंत नव्हतं. बॅमीला लिहिलेल्या पत्रांत जनावरांचे आकडे इतके नेमके का येतात, याचं एक उत्तर मला इथे सापडतं. धाकटा भाऊ घरच्यांपुढे आपल्या निर्णयाची जबानी देतो आहे. मर कमी होती, वासरं पुष्कळ झाली, हे बॅमीला कळलं म्हणजे घराला कळलं.

‘तर मग या’

६ जुलै १८८४ ला त्यानं मेन राज्यातल्या बिल सीवलला पत्र लिहिलं. सीवल जंगलातला माणूस, लाकूडतोडीतला आणि शिकारीचा वाटाड्या, वयानं रूझवेल्टहून १३ वर्षांनी मोठा. विल डाऊ त्याचा भाचा. कॉलेजच्या वयात रूझवेल्ट त्यांच्याबरोबर रानात हिंडलेला. मार्चमध्ये, घरातल्या त्या दोन मृत्यूंनंतर, त्यानं सीवललाच लिहिलं होतं की नियतीनं क्रूरपणा केला खरा, पण घावापुढे वाकून काही साधत नाही आणि काम थांबवलं म्हणून दुःख हलकं होत नाही. म्हणजे हा माणूस नोकर नव्हता. ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असा होता.

जुलैच्या पत्रात त्याला धंद्याचं बोलावणं आहे, आणि धंद्याचं पत्र कसं लिहावं याचा तो उत्तम नमुना आहे. मथितार्थ असा: कष्टांची आणि हालांची भीती असेल तर येऊ नका. वर्षा-दोन वर्षांत पैसा करायचा असेल तर येऊ नका. थोडं मनाविरुद्ध झालं की हात टेकणार असाल तर येऊ नका. पण पहिलं वर्ष राबायची तयारी असेल, पहिली दोन वर्षं आत्ताच्यापेक्षा फारसं जास्त मिळणार नाही हे पटत असेल, आणि तिसऱ्या वर्षी हजारेक डॉलर हाती येतील व पुढची वाट मोकळी असेल एवढ्यावर भागत असेल, तर मग या.

ठरलेली अटही उदार होती. नफा झाला तर सीवल आणि डाऊला वाटा. तोटा झाला तर तो रूझवेल्टचा. आपल्याकडे गाय किंवा शेळी अर्धेलीनं देतात तेव्हा असंच असतं: वाढ दोघांत, आणि जनावर मेलंच तर मुद्दल मालकाचं जातं. फरक एवढाच की अर्धेलीतला मालक गावातच असतो. चार दिवसांआड गोठ्यात डोकावतो, पाठीवर हात फिरवतो, बरगड्या मोजतो. इथला मालक दीड-दोन हजार मैलांवर न्यूयॉर्कमध्ये, निवडणुका आणि लेखनात गुंतलेला; मधून मधून काही महिने यायचा आणि आला की झोकून देऊन काम करायचा.

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. त्यात खोटं काही नाही. गबर होण्याची आमिषं दाखवणारी जाहिरातपत्रकं त्या काळात ढिगांनी निघत, त्यांच्याशेजारी हे पत्र सोन्यासारखं आहे. तरीही त्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती मला पहिल्या वाचनात दिसली नव्हती. त्यात माणसाची पारख आहे: तू टिकशील का, तू राबशील का, तू धीर सोडशील का. गवत टिकेल का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

तो प्रश्न आला तो पत्राच्या दुसऱ्या टोकाकडून. ऑगस्टमध्ये सीवल डाकोटात उतरला. हा मुलूख कसा वाटला, असं रूझवेल्टनं विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं की मुलूख आवडला, पण गुरांसाठी काही बरा दिसत नाही. ‘बिल, तुला या धंद्यातलं काही कळत नाही,’ असं उत्तर मिळालं. कळत नव्हतं हे खरंच होतं. पण तो मेनचा होता. जिथे हिवाळ्याआधी गोठा गवतानं भरून ठेवल्याखेरीज गाय जगत नाही अशा गावचा.

सीवलनं भावाला घरी पाठवलेल्या पत्रांत हे पुन्हा येतं, आणि तिथे ते जास्त उघडं आहे, कारण तिथे मालकाची भीड नाही. एका पत्रात तो लिहितो की इतका मोकळा मुलूख मला रुचत नाही. जिथे सगळ्यांना सारखाच हक्क, तिथे खरं म्हणजे कुणालाच हक्क नाही. एकीकडचा चारा संपला की माणसं गुरं हाकतात चांगल्या गवताकडे. ते कुणाच्या वाटणीचं आहे हे बघत नाहीत. आम्ही इथून निघू तोवर गवत फार उरलेलं नसेल, अशी माझी खात्री झाली आहे.

पुढे काय होणार ते या चार ओळींत आलं आहे. ते लिहिणारा रँचवर राहत होता, रोज गवत बघत होता, आणि जे बघितलं ते त्यानं ज्याचा एक डॉलरही त्यात गुंतलेला नव्हता अशा माणसाला लिहिलं. पैसेवाल्याकडे जाणारं पत्र आणि घरच्या माणसाकडे जाणारं पत्र यांत हा फरक पडतोच. आपल्या जुन्या कार्डांवर ‘इकडील सर्व क्षेम’ हे अक्षर आधी उमटायचं आणि मग खाली कुठेतरी, कडेच्या बारीक ओळीत, पाऊस नसल्याचं यायचं. ज्यानं कार्ड पाठवलं तो खोटारडा नसे. वडिलांना घोर लागू नये म्हणून तो शब्द जपून वापरत असे. मात्र जपून वापरलेल्या शब्दांवर कुणी पैसा घालू नये.

सप्टेंबर १८८६

१८८५ च्या उन्हाळ्यात सीवल आणि डाऊच्या बायका एल्कहॉर्न रँचवर राहायला आल्या. मेडोरा या रेल्वेगावापासून उत्तरेला ३५ मैलांवर, कॉटनवुडच्या ओंडक्यांचं ते घर या दोघांनीच कुऱ्हाडीनं उभं केलं होतं. ऑगस्ट १८८६ मध्ये दोघींना आठवड्याच्या अंतरानं मुलगे झाले. रँचचं घर झालं म्हणावं, असा तो महिना.

आणि नेमकं तेव्हाच गणित उलटलं. उन्हाळा कोरडा गेला. दक्षिणेकडचा आधीचा हिवाळा वाईट गेल्यामुळे आणि तिकडचं रान भरून गेल्यामुळे कळपामागून कळप उत्तरेला ढकलले जात होते. गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं, ठिकठिकाणी वणवे लागले. बाजारात माल मावेना. डाऊ बैल घेऊन शिकागोला गेला आणि परत आला तो पट्टी घेऊन: प्रत्येक जनावर, ते वाढवायला आणि पोचवायला जेवढा खर्च आला त्यापेक्षा सुमारे १० डॉलर कमीला गेलं होतं. हिशेबाला बसल्यावर सीवल आणि डाऊनी सांगितलं की आम्हाला तुमच्या पैशावर असं राहायचं नाही. करारानं त्यांना काहीच तोटा नव्हता. ते राहिले असते तरी बोट दाखवायला जागा नव्हती. रूझवेल्टनं विचारलं ते इतकंच, की किती दिवसांत निघता येईल? ऑक्टोबरात दोन्ही बिऱ्हाडं तान्ह्या पोरांसह मेनला परतली.

याच दिवसांत, २० सप्टेंबरला, त्याच मेडोराहून बॅमीला एक पत्र गेलं. त्याची आणि ईडिथ कॅरो या बालमैत्रिणीची सोयरीक ठरल्याची कुजबुज एका वर्तमानपत्रात आली होती. बॅमीला काहीच ठाऊक नसल्यानं तिनं ती खोटी म्हणून छापून आणवलं होतं. आता त्यानं कबूल केलं की बातमी खरी आहे, नाताळाआधी मी समुद्रापार जाऊन लग्न करणार आहे. माझ्या चंचलपणाबद्दल तू मला जेवढा दोष देशील त्याच्या दुप्पट मी स्वतःला देतो आहे, असंही लिहिलं. मग बेबी लीबद्दल एक ओळ: तुझी इच्छा असेल तर ती तुझ्याजवळच राहील, खर्च अर्थातच माझा.

या ओळीशी मी थांबतो. जनावर तू सांभाळ, खर्च माझा, हीच तर सीवलच्या कराराची भाषा. अडीच वर्षांच्या मुलीबद्दल ती वापरणारा बाप निर्दयी होता असं मला मुळीच वाटत नाही. ज्या भाषेत तो दोन वर्षं राहत होता, तोटा माझ्याकडे आणि माणूस तुमच्याकडे, तीच भाषा त्याला सर्वांत प्रामाणिक वाटत असावी. बॅमीनं तिला अडीच वर्षं आईसारखं वाढवलं होतं. तिच्यापासून मूल तोडायचं नाही, हा त्यातला भाव आहे. पण धंद्याच्या गठ्ठ्यातला करारनामा शेजारी नसेल तर ही ओळ कुठून आली ते कळत नाही. पुढे ईडिथनं आग्रह धरला की मूल आपल्याच घरी येईल, आणि तसंच झालं.

त्याच हंगामात त्यानं छापण्यासाठी एक मजकूर लिहून ठेवला. त्यात म्हटलं होतं की आमच्या मुलखात आता गर्दी होत चालली आहे; असा एखादा हिवाळा येणं हा फक्त वेळेचा प्रश्न आहे, जो वायव्येकडची निम्मी गुरं मारून रान आपोआप मोकळं करील. म्हणजे सीवलनं घरी जे लिहिलं, तिथपर्यंत रूझवेल्टही पोचला होता. नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक हरला, तिसरा आला. २ डिसेंबरला लंडनमध्ये लग्न लागलं आणि नवरा-बायको युरोपच्या सफरीला निघाले. गुरं रानातच होती.

बाहेर का पडला नाही, याचं माझं उत्तर इथे आहे. विकायला भाव नव्हता हे खरं. पण त्याहून मोठं कारण त्या रँचचं त्याच्या आयुष्यातलं स्थान. १८८४ च्या फेब्रुवारीनंतर तो ज्या जागेनं उभा राहिला ती जागा ती होती. पहिल्या उन्हाळ्यातली पत्रं वाचा: तेरा तेरा तास खोगिरावर, आणि पत्रात उत्साह मावत नाही. अशी जागा माणूस नफा-तोट्याच्या वहीत मांडत नाही. धंदा म्हणून तिच्याकडे बघायला लागला तो ती गेल्यावरच.

कार्डाएवढं चित्र

त्या हिवाळ्यात नोव्हेंबरातच बर्फ पडायला लागलं. मधेच थोडं वितळलं आणि पुन्हा गोठलं, तेव्हा वर काचेसारखी कठीण खपली धरली. घोडा खुरानं बर्फ उकरून गवत काढतो. गायीला ती सवय नाही. खपली फोडताना पाय सोलले. जानेवारीत वादळामागून वादळ आलं, पारा उणे ४० च्या खाली गेला. जनावर वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतं. तशी ती चालत चालत घळींत उतरली आणि तिथेच गाडली गेली. पूर्वेकडच्या गोठ्यांतून नुकत्याच आणलेल्या गुरांना तिथे ‘यात्रेकरू’ म्हणत. ती सर्वांत आधी गेली. जगलेल्यांनी झाडांच्या काटक्या खाल्ल्या, खोपटांना लावलेले डांबरी कागद ओरबाडून खाल्ले.

जानेवारीतच इटलीहून रूझवेल्ट बॅमीला पैशाच्या ओढाताणीबद्दल लिहीत होता: खर्च कमी करायला हवा, न्यूयॉर्कजवळचं घर बंद करून वर्ष-दोन वर्षं रँचवरच जाऊन राहावं का? त्याचा हा बेत टपालात होता तेव्हा रँचवर ते चाललं होतं.

मोंटानात त्याच हिवाळ्यात धंद्याचं एक पत्र आलं, त्याचं उत्तर जगप्रसिद्ध झालं. हेलेना शहरातला मालक लुई कॉफमन यानं कळप सांभाळणाऱ्या जेसी फेल्प्सला विचारलं होतं की गुरांचं कसं काय आहे. फेल्प्सच्या खोपटात तेव्हा चार्ल्स रसेल नावाचा विशीतला गुराखी मुक्कामाला होता; रात्री कळपाची राखण करायचा आणि फावल्या वेळात चित्रं काढायचा. फेल्प्स उत्तर लिहायला बसला, लिहावं काय ते सुचेना. रसेलनं पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर जलरंगात एकच गाय काढली. पाठीचा कणा वर आलेला, बरगड्या मोजता याव्यात अशा, पाय बर्फात, मान खाली. आजूबाजूला कोल्ह्यालांडग्यांसारखी जनावरं बसून वाट बघत आहेत. खाली शब्द: शिनूकची वाट बघताना. शिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा ऊबदार वारा, जो काही तासांत बर्फ वितळवतो. फेल्प्सनं चित्र बघितलं आणि म्हणाला, पत्राची गरजच नाही, हेच पाठवतो.

आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड दारात पडलं की बाया वाचायच्या आधीच रडायला लागत. मजकुराआधी बातमी पोचायची. ते चित्र तसंच काम करून गेलं. कॉफमननं ते लोकांना दाखवलं, हेलेनात ते गाजलं, आणि रसेल चित्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला. मूळ तुकडा आज मोंटानातल्या पशुपालकांच्या संघटनेच्या मालकीचा आहे. रँचच्या धंद्यातला मालकाला पाठवलेला सर्वांत खरा अहवाल कुठला, असं विचारलं तर मी याच्यावर बोट ठेवीन. त्यात ना अंदाजे मर आहे ना अंदाजे वासरं. त्या खोपटाच्या दारातून जे दिसलं तेवढंच आहे. एक गाय.

एप्रिलमधली दोन पत्रं

मार्चअखेर रूझवेल्ट अमेरिकेत परतला आणि एप्रिलमध्ये मेडोराला पोचला. तोवर नदीवरचं बर्फ फुटलं होतं. बर्फाच्या लाद्यांबरोबर मेलेली गुरं दिवसचे दिवस वाहत होती, कधी पाठ वर, कधी चारही पाय वर. शेजारच्या रँचवरच्या लिंकन लँगनं ते दृश्य पुढे तपशिलानं सांगितलं आहे. मोंटानातला ग्रॅनव्हिल स्टुअर्ट, ज्याची निम्म्याहून जास्त गुरं गेली, त्यानं म्हटलं की ज्याला मी खायला आणि निवारा देऊ शकत नाही असं जनावर मला पुन्हा कधी माझ्या मालकीचं नको.

१६ एप्रिलला बॅमीला पत्र गेलं. त्यांच्या भाषेत उदास माणूस ‘निळा’ असतो. गुरांपायी मी निळीहून निळा झालोय, असं तो लिहितो. भीती होती त्याहूनही वाईट आहे. इथे घातलेल्या ८०,००० पैकी निम्म्याहून जास्त बुडणार नाहीत, एवढी जरी खात्री असती! बाहेर कसं पडायचं त्याचा विचार करतो आहे.

२० तारखेला त्याचा राजकारणातला मित्र हेन्री कॅबट लॉज याला पत्र गेलं. तिथे रकमेचा आकडा नाही. वायव्येचा सगळा गुरांचा मुलूख साफ कोसळला आहे, आणि रँचवर येऊन मला आनंद झाला नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतं आहे. घरी परतलो की बरं वाटेल.

बहिणीला आकडा सांगितला, मित्राला मन. आपल्याला वाटतं उलट व्हावं. पण ही बहीण पहिल्या दिवसापासून हिशेब ऐकत आली होती. १८८४ मध्ये २५ मेलेल्या आणि १५५ वासरांचा आकडा तिलाच दिला होता, मग तीन वर्षांनी तो हिशेब पुरा करणं तिच्याशीच बाकी होतं. आणि ‘घरी परतलो की’ हे शब्द त्यानं लिहिले ते लॉजला. तोवर त्याच्या पत्रांत घर या शब्दाचा झोका दोन्हीकडे जायचा.

एकदम बाहेर तो पडलाच नाही. उरलेली थोडी गुरं फेरिस आणि मेरिफिल्डच्या हाती राहिली, कळप वर्षावर्षाला आटत गेला आणि शतक संपायच्या सुमारास उरलेलंही विकून टाकलं. एल्कहॉर्नचं ओंडक्यांचं घर लोकांनी हळूहळू उचलून नेलं. आज तिथे पायाचे दगड आहेत आणि कॉटनवुडची झाडं. सीवलशी पत्रव्यवहार जन्मभर चालला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रूझवेल्टनं त्याला मेनमधल्या सीमेवर जकात अधिकारी नेमलं. बॅमीला लिहिलेली पत्रं हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहेत.

१८८६ च्या शरदात लिहून ठेवलेला तो मजकूर १८८८ मध्ये छापला गेला. निम्मी गुरं मारणाऱ्या हिवाळ्याचं वाक्य त्यानं काढलं नाही, बदललंही नाही. पानाच्या तळाशी फक्त एक टीप जोडली: हे १८८६ च्या शरदात लिहिलं होतं, त्यानंतरच्या हिवाळ्यानं ते तंतोतंत खरं केलं.